शिष्यवृत्तीवर शिकलेले बाबासाहेब

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आजपावेतो अनेक विद्वानांनी विस्ताराने लिहिले आहे. महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना या गोष्टी आता शाळेतील मुलांसही ठाऊक असतात. त्या सर्व पुन्हा येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही या लेखात त्या थोर चरित्राचा एकच पदर ज्ञातिबांधवांपुढे ठेवणार आहोत. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी भागविला, कोणत्या अटींवर भागविला, आणि त्या अनुभवातून पुढे गरिबाच्या मुलासाठी सरकारी शिष्यवृत्तीची वाट कशी बांधली गेली, एवढाच आमचा विषय होय. बाबासाहेब आपल्या ज्ञातीचे नव्हेत. मग त्यांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर यथावकाश याच लेखात मिळेल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात शिक्षक होते. पेन्शनीत निघाल्यावर सातारा व पुढे मुंबई असा त्यांचा संसार हलला. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब, त्यातच चूल, त्यातच सरपण आणि त्यातच मुलाचा अभ्यास. सुभेदार स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मुलास उठवून मग आपण झोपत. पुस्तकांचे वेड मुलास लहानपणीच लागले होते. हाताशी पैसा नसला की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करीत. शिक्षणासाठी घेतलेले हे पहिले कर्ज. ते घरातल्याच मुलींनी दिले होते, ही गोष्ट चरित्र वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी त्यांच्या समाजात ही अपूर्व गोष्ट होती. त्यानिमित्त भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. गुरुजी हे पेशाने शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता. शिक्षकाचे काम वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही, हे आम्ही अध्यापन शाळेत शिकलो खरे, पण त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे केळुसकर गुरुजीच. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटरची परीक्षा झाली आणि येथे गाडी अडली. सुभेदारांस पुढचा खर्च झेपेना. तेव्हा केळुसकर गुरुजी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यास साहाय्य करण्याचा मनोदय महाराजांनी पूर्वी प्रकट केला होता. गुरुजींनी त्याची आठवण दिली व भीमरावांस भेटीस नेले. महाराजांनी मुलास काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. या शिष्यवृत्तीवर भीमराव बी.ए. झाले. त्यांचे विषय इंग्रजी व फारसी असे होते. संस्कृत शिकण्याची त्यांची फार इच्छा होती, पण शाळेत अस्पृश्याच्या मुलास ती भाषा शिकवीत नसत, म्हणून फारसी.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची वर्दी आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले. मुलगा पदवीधर झालेला त्यांनी पाहिला, एवढेच काय ते समाधान.

याच सुमारास काही विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचा विचार महाराजांच्या मनात होता. भीमराव त्यांस मुंबईस भेटले. महाराजांनी रीतसर अर्ज करण्यास सांगितले, अर्ज केला गेला, तो मान्य झाला आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यास शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही झाली. करार असा होता की, १५ जून १९१३ पासून तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील. विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावा. आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. तीन वर्षांच्या शिक्षणापोटी दहा वर्षांची चाकरी! बावीस वर्षांच्या त्या तरुणाने तो कागद वाचूनच सही केली असणार. पण दुसरा मार्गही नव्हता. हा करार वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कास पोहोचले. त्या साडेअकरा पौंडांत स्वतःचे राहणे, खाणे, पुस्तके आणि शिवाय मुंबईस कुटुंबास पाठवावयाची रक्कम, एवढे सारे बसवावयाचे होते. मुंबईस रमाबाई काटकसरीने संसार ओढीत होत्या. विद्यार्थ्याने उपाहारगृहातील खर्च आखडता घेतला, करमणूक तर जवळजवळ वर्ज्यच केली, आणि शिल्लक राहील तीतून जुनी पुस्तके विकत घेतली. अठरा अठरा तास अभ्यास चाले. १९१५ साली एम.ए.ची पदवी मिळाली. त्यानंतर पीएच.डी.साठी प्रबंधाचे काम झाले. ही पदवी मात्र ग्रंथ छापून प्रसिद्ध झाल्यावर १९२७ साली रीतसर हाती आली. छापण्यास पैसा लागतो, हे त्याचे साधे कारण.

१९१६ साली ते अमेरिकेहून लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राच्या विद्यालयात व ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. बडोद्याची मुदत वाढवून मिळाली होती, पण ती थोडीच. दुसऱ्या वर्षी ती संपली आणि परत येण्याचा हुकूम आला. अभ्यास अर्धा टाकून उठावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा दिली, हा एक दिलासा. महायुद्धाचे दिवस होते. पुस्तके व सामान वेगळ्या जहाजाने पाठविले होते, ते जहाज पाणतिराने बुडाले. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईस उतरले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला. जगातील दोन मोठ्या विद्यापीठांत शिकून आलेल्या विद्वानाच्या गाठी प्रवासभाड्यापुरतेही पैसे नव्हते.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. राहण्यास कोणी जागा देईना. पारशी खानावळीत आश्रय घेतला तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीतील शिपाईदेखील कागद दुरून टेबलावर फेकीत. काही दिवसांतच ते मुंबईस परतले. आता करारातील दहा वर्षांचे काय? नोकरी पाळावी तर नगरात अंग टेकण्यास जागा नाही, आणि न पाळावी तर शिष्यवृत्तीचे पैसे अंगावर. पुढे बडोदे सरकारकडून त्या रकमेच्या वसुलीचा तगादाही लागला. महाराजांच्या मनाचा मोठेपणा वेगळा आणि कचेरीतील कागदाचा व्यवहार वेगळा, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर सोसून जाणले. महाराजांचा उपकार मात्र ते विसरले नाहीत. १९३० साली लंडनला भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेस सयाजीराव महाराज उपस्थित होते व बाबासाहेबही होते. देणारा आणि घेणारा एकाच सभागृहात बसलेले पाहण्याचा तो योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

अपुरा राहिलेला अभ्यास त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर ते प्राध्यापक झाले. एवढा पगार असूनही राहणी तीच, चाळ तीच. पैसा साठवायचा तो लंडनसाठी. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. साठवलेली रक्कम, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य, एवढ्या शिदोरीवर ते पुन्हा लंडनला गेले. तेथे घरमालकिणीचे तुटपुंजे जेवण आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत बैठक, असा क्रम चाले. इतक्यात रुपयाचा विनिमयदर घसरला आणि हिंदुस्थानातून आणलेल्या पैशाचे पौंड कमी येऊ लागले. १९२१ साली त्यांनी शाहू महाराजांस पत्र घालून कर्जाऊ रक्कम मागितली. त्याच वेळी त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता, तर रुपयाचा प्रश्न! ज्या दरघटीवर ते ग्रंथ लिहीत होते, तीच त्यांच्या जेवणाच्या ताटात उतरली होती. १९२१ साली एम.एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली, आणि डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या तेव्हा लंडनला राहून त्या करण्याइतके पैसे उरले नव्हते. १९२३ च्या एप्रिलात मुंबईस येऊन त्यांनी दुरुस्त प्रत पाठविली आणि त्याच वर्षी पदवी मिळाली.

मॅट्रिकपासून डी.एस्सी.पर्यंतची ही १६ वर्षे. त्यांत दोन राजांचे साहाय्य आहे, एका मित्राचे कर्ज आहे, बहिणींचे दागिने आहेत, स्वतःचा पगार आहे. शिष्यवृत्ती मिळणे, ती अपुरी पडणे, मुदत संपणे, मुदतवाढ मागणे, परत बोलावले जाणे, वसुलीचा तगादा, असे जे जे काही गरीब विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते सर्व त्यांच्या वाट्याला आले. आणि तरीही अर्ज करण्यात त्यांस कधी कमीपणा वाटला नाही.

येथे थोडे थांबून आम्हांस आपल्या गावाविषयी बोलू द्या. तळोजे व भोवतालच्या गावांत आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांस शिकविले. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन थांबलो, पण आमच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले-मुली अभियंते, परिचारिका, वकील झाली आहेत. १९७० नंतर सिडकोने व औद्योगिक महामंडळाने जमिनी घेतल्या, भातशेती गेली, कासाडीच्या काठी कारखाने उभे राहिले. कोणाच्या हाती मोबदला आला, कोणाच्या हाती आला तसा गेला. पण या सर्व फेरात एक समजूत आमच्या लोकांत घट्ट बसली. ती अशी की, शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे हात पसरणे. आपण जमीनवाले, आपण कोणापुढे का वाकावे, हा तो अभिमान. एका बापाने बारावीला उत्तम गुण मिळविलेल्या मुलीच्या अर्जावर सही करण्याचे नाकारले, कारण त्यात उत्पन्नाचा दाखला जोडावा लागत होता आणि आपले उत्पन्न इतके थोडे आहे हे कागदावर यावे, हे त्यास सोसवेना. सावकाराचे कर्ज काढून त्याने पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षी मुलगी घरी बसली. अर्ज न केल्याने अभिमान राहिला की गेला, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण बाबासाहेबांच्या चरित्रातील पुढचा भाग आम्ही मुद्दाम अशा घरांसाठीच लिहीत आहोत.

१९२७ च्या आरंभी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणावरील खर्चाच्या मागणीवर ते बोलले. त्यांनी हिशेब मांडला तो असा की, सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीच्या रूपाने माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. लोकांच्या शिक्षणावर निदान त्यांच्याकडून घेतले जाते तेवढे तरी खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शिक्षणाचे साहाय्य सरकारच्या खिशातून येत नाही. ते लोकांकडूनच घेतलेले असते व लोकांस परत येते, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून अनेकांस नवल वाटेल. लहान मुलांस शिष्यवृत्त्या वाटण्यापेक्षा त्याच पैशात वसतिगृहे काढावीत, असे त्यांचे मत होते. गरिबीने गांजलेल्या घरी शिष्यवृत्तीचे पैसे आले की ते मुलाच्या शिक्षणाऐवजी संसारात खर्च होतात, आणि मुलगा पुढे शाळेत राहतोच असे नाही, हे त्यांनी पाहिले होते. वसतिगृहात जेवण, दिवा, पुस्तक व अभ्यासाची शिस्त यांची सोय एकत्र होते. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस शिष्यवृत्तीचे दोषही इतक्या स्पष्टपणे सांगतो, याचे आम्हांस कौतुक वाटते. उपकृत माणसास हे सहसा साधत नाही.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरास वसतिगृह आधीच, १९२५ साली, निघाले होते. १९२८ साली त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढून मुंबई सरकारकडे वसतिगृहांसाठी साहाय्य मागितले. सरकारने ते मंजूर केले आणि १९२९ साली पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे व धारवाड येथे विद्यार्थ्यांची वसतिगृहे सुरू झाली. यातील पहिले नाव वाचकांनी पुन्हा वाचावे. तळोज्याहून पनवेल तीन कोसांवर. त्या वेळी ना दिवा-पनवेल लोहमार्ग होता, ना मेट्रो. गावातील शाळा संपली की पुढे शिकण्यास पनवेल गाठणे भाग, आणि पावसाळ्यात ओढे-नाले भरले की मुलाचे शिक्षण तेथेच संपे. अशा तालुक्याच्या ठाण्यात सरकारी अनुदानाने चालणारे वसतिगृह म्हणजे खेड्यातील मुलास शिक्षणाचे दारच उघडणे होते. सरकारचे अनुदान खर्चास पुरत नसे. म्हणून नगरपालिका, स्थानिक मंडळे व दानशूर गृहस्थ यांच्याकडे बाबासाहेबांनी मदतीची मागणी केली. शिक्षणासाठी मागताना त्यांनी जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही.

आपल्या कुलाबा जिल्ह्याशी त्यांचा संबंध महाडपुरताच नव्हता. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सुमारे सहा वर्षे चालला. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले व १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. खोताचा मक्ता देऊन जे भात उरे त्यात वर्षाचे पोट भरत नसे. तेथे मुलास पनवेलीस किंवा मुंबईस ठेवण्याची गोष्ट कोठली? तेव्हा कुळांच्या घरांतील मुले कॉलेजात का गेली नाहीत, याचे कारण त्यांच्या बुद्धीत शोधू नये.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस एक सविस्तर निवेदन सादर केले. आमच्या समजुतीने तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अर्ज होय. १९१३ साली एका तरुणाने एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. आता त्याच माणसाने सहस्रावधी विद्यार्थ्यांच्या वतीने हा अर्ज केला. त्यातील शिक्षणाच्या भागाची मांडणी पाहण्याजोगी आहे. हिंदुस्थान सरकार अलीगढ व बनारस या विद्यापीठांस दरसाल प्रत्येकी तीन लाखांचे अनुदान देत होते. तेवढेच साहाय्य अनुसूचित जातींच्या शिक्षणास का नसावे, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी तीन लाखांची विभागणीही सांगितली. दोन लाख रुपये या देशात शास्त्र व तंत्रविद्या शिकणाऱ्यांस आणि एक लाख परदेशी जाणाऱ्यांस. कला व कायद्याचे शिक्षण गरीब मुलगा कसेबसे पदरमोड करून घेऊ शकेल, पण प्रयोगशाळा व यंत्रे यांचे शिक्षण त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि ते नसेल तर मोक्याच्या जागी तो कधीच पोहोचणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. अर्ज कसा लिहावा, हे कोणास शिकायचे असेल तर त्याने हे निवेदन पाहावे. त्यात कोठे गयावया नाही. इतरांस काय मिळते, आम्हांस काय मिळत नाही, किती हवे आणि कशासाठी हवे, एवढेच आहे.

सरकारने दरसाल तीन लाखांची तरतूद पाच वर्षांसाठी मान्य केली आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. या योजनेत आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीत एक मोठा भेद होता. महाराज उदार होते म्हणून भीमरावांस शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर गुरुजी नसते तर महाराजांपर्यंत पोहोचताही आले नसते. नव्या योजनेत विद्यार्थ्याची ओळख कोणाशी आहे, हा प्रश्नच उरला नाही. नियमात बसतो, अर्ज केला आहे, तर साहाय्य मिळावयाचे. राजाच्या मर्जीऐवजी सरकारचा नियम आला. मर्जीवर मिळालेल्या साहाय्याची किंमत काय असते हे बडोद्यात भोगलेल्या माणसाने हे घडवून आणले, ही गोष्ट आम्हांस घटनेच्या कलमांइतकीच मोलाची वाटते.

आता लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर. ही योजना १९४८-४९ साली अनुसूचित जमातींस आणि १९४९-५० साली इतर मागासवर्गीयांस लागू झाली. आपली ज्ञाती त्या तिसऱ्या वर्गात येते. म्हणजे ज्या अर्जावर आपल्या घरांतील मुलांनी सह्या केल्या, त्याची पहिली ओळ १९४२ साली बाबासाहेबांनी लिहिली होती. १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या ४६ व्या कलमात दुर्बल वर्गांच्या शिक्षणाची विशेष काळजी घेण्याचे राज्यावर सोपविले आहे. पुढच्याच वर्षी, बाबासाहेब कायदेमंत्री असताना, पहिली घटनादुरुस्ती होऊन १५ व्या कलमात मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत घालण्यात आली.

मधल्या काळात त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली. जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, दुसरे महाविद्यालय निघाले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांनी घातलेल्या पायावर पुढे पुष्कळ बांधकाम झाले. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत जातीचा विचार न करता केवळ उत्पन्नाच्या मर्यादेवर फी माफ करण्याची सवलत निघाली, जिला सारा महाराष्ट्र ई.बी.सी. म्हणून ओळखू लागला. आज तिच्याच वाटेवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना चालते. ज्यांस सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची फी पूर्ण माफ झाली आहे. वर सांगितलेल्या मुलीच्या वेळी हे असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. पैसे वर्ष उलटून गेल्यावर येतात, महाविद्यालय तोवर फीसाठी मुलास अडवते, संगणकावर अर्ज परत फिरतो आणि का फिरला हे उमगत नाही. बाबासाहेबांनीही लंडनमध्ये पैशाची वाट पाहिली होती. म्हणून ती वाट पाहणे योग्य ठरत नाही. शिष्यवृत्ती उशिरा देणे म्हणजे गरिबाला ती नाकारणेच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि मंडळाने याविषयी सरकारदरबारी निवेदन द्यावे अशी आमची सूचना आहे.

अर्ज आता महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात. बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही. हे काम प्रवेशाच्या आधीच उरकावे. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळण्यास दिवस लागतात, सबब तो निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच मागावा. जातीचा दाखला, व्यावसायिक शिक्षण असल्यास जात पडताळणीचे प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि महाविद्यालयाची फीची पावती, एवढे कागद एका पाकिटात असावेत. ज्या घरी संगणक नाही किंवा ज्यांस मजकूर उमगत नाही, त्यांनी मुलास वा मुलीस घेऊन जून-जुलैच्या कोणत्याही रविवारी सकाळी तळोज्यास आमच्या घरी यावे. आम्ही ओटीवरच बसलेले असतो.